हर्षालीची तुलनेची आळी

बहिरू आहेरांची हर्षाली नाशिकला शिकायला गेली, तेव्हा नांदगावात सगळ्यांनी ती डॉक्टर होणार असंच धरलं. शिक्षण होतं जुनाट आजारांच्या अभ्यासाचं. बीपी, साखर, हृदयविकार, असे एकदा घरात शिरले की मुक्कामच ठोकणारे आजार कुठल्या गावात, कोणाला, कशामुळं जास्त होतात ते शोधायचं. औषध द्यायचं नाही, सुई टोचायची नाही. लग्नात मामा गुडघा पुढं करायचे, "बघ गं जरा." ती म्हणायची, "मामा, मला एका गुडघ्यातलं कळत नाही. दोनशे गुडघे आणा, मग सांगते." मामा धोतर सारखं करून पंगतीकडं वळायचे. बहिरूअण्णा गावभर सांगायचे, "आमची पोर माणसाला तपासत नाही, गावाला तपासते." सांगायचे छातीठोक, पण अर्थ त्यांनाही लागला नव्हता. खरं बोलायचं तर कधीकधी हर्षालीलाही लागायचा नाही.

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी तिनं नामपूर धरलं. चाळिशी ओलांडलेल्या, बीपी चढलेल्या बायका निवडल्या. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या तशाच चालू. वरच्या आळीतल्या बायकांनी रोज चालायचं, जेवणात मीठ कमी करायचं, पापड-लोणच्याला हात आखडता घ्यायचा. खालच्या आळीला मात्र काहीच सांगायचं नाही, अधूनमधून दंडाला पट्टा बांधून बीपी तेवढं मोजायचं. ही तुलनेची आळी. सहा महिन्यांनी दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की चालण्याचा नि मीठ सोडण्याचा गुण कळतो. मग खालच्या आळीलाही तोच कार्यक्रम द्यायचा, असं ठरलेलं.

तिच्या मार्गदर्शक सरोजिनी मॅडम म्हणाल्या, "एकाच गावात दोन आळ्या? इकडचं तिकडं पाझरेल गं. दोन वेगळी गावं घे."

"मॅडम, मध्ये अख्खा कांद्याचा बाजार आहे. इकडचं माणूस तिकडं फिरकत नाही."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "जबाबदारी तुझी," म्हणाल्या आणि सही केली.

आता गंमत ऐका. सहा महिने झाले, हर्षाली नाशिकला गंगापूर रोडच्या खोलीत आकडे मांडून बसली. वरच्या आळीचं बीपी उतरलं होतं. छान! खालच्या आळीचंही उतरलं होतं. वरच्यापेक्षा अंमळ जास्तच. तिला वाटलं, रकाने उलटे पडले. पुन्हा मांडले, तेच. मशीन बिघडलं म्हणावं तर स्वतःच्या दंडाला बांधून पाहिलं, बरोबर. घरमालकांच्या दंडाला बांधलं, तर त्यांचं चढलेलं निघालं, आणि तेव्हापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले.

तिच्याबरोबर शिकणारा अमोल म्हणाला, "खालच्या आळीत ज्यांचं फारच उतरलंय त्या चार-दोन बायका गाळून टाक. मोजमाप चुकलं म्हणायचं. फरक दिसायला लागेल."

"पण चुकलंय कशावरून?"

"बरोबर आहे कशावरून?"

सोमवारी सगळ्यांसमोर प्रबंध मांडायचा होता. फरक दिसला तर पदवी, नाही तर वर्ष वाया. तिनं नामपूरची बस धरली, कोणाला न कळवता.

उतरली तेव्हा उन्हं कलली होती. मोसम नदीकडच्या रस्त्यानं खालच्या आळीच्या बायका पदर खोचून, पायात नातवंडांचे बूट घालून भरभर निघाल्या होत्या. पुढं कुसाबाई. हर्षालीला पाहताच सगळी रांग थबकली आणि मुकाट्यानं रस्त्याकडेला बसली, जणू बसायलाच आली होती.

"कुसामावशी, तुम्ही चालताय?"

"नाय व माय. वावरात निघालो."

"वावर तर मागंच राहिलं."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. कुसाबाईंनी वळून एकदा डोळे वटारले, अन् मग त्यांचाच बांध फुटला. "मंग काय करावं, तूच सांग! हळदीकुंकवाला एक आळी बोलवायची, अन् दुसरीच्या दारावरून तसंच पुढं जायचं, असं कुठं असतं का? त्यांना चाला म्हणलीस, आमच्या दंडाला नुसता पट्टा. आमच्यात काय खोट शे?"

"पण तिकडं काय चाललंय ते तुम्हाला कळलं कसं?"

"वरच्या आळीची बयाबाई माझी विहीण हाय ना! लेक तिच्या घरात दिलीय. पोरगी माहेरी आली की तिकडच्या चुलीचं सगळं सांगते. विहीणबाई मीठ सोडून मिरवणार, अन् मी पापड कुरकुरवत बसू? ती मारुतीपर्यंत जाते. आम्ही पुलापर्यंत जातो."

हर्षालीनं कपाळाला हात लावला. "अहो, मी दर वेळी विचारत होते. चालता का, मीठ कमी केलं का. तुम्ही नाही म्हणालात!"

"तूच तर पहिल्या दिशी म्हणलीस, होत्या तशाच राहा, काही बदलू नका. मंग बदललो असं तोंडावर कसं सांगावं? पोर एवढ्या लांबून येते. तिचं मन मोडायचं का?"

हर्षालीला रागवावं की पाया पडावं कळेना. ती तिथंच त्यांच्यात बसली.

कुसाबाईंचा आवाज उतरला. "आमच्यामुळं तुझं काय बिघडलं का गं?"

"माझं बिघडलं, मावशी. तुमचं सुधारलं."

"मंग झालं ते चांगलं का वाईट?"

"मलाच कळत नाही."

"हात्तिच्या! एवढं शिकून?"

सोमवारी तिनं एकही बाई गाळली नाही. घडलं ते घडलं तसं सांगितलं. विहिणीचा मुद्दा आला तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली. सरोजिनी मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे तुझ्याकडं तुलनाच उरली नाही. बीपी चालण्यानं उतरलं, ईर्षेनं उतरलं, की आपोआप?"

"सांगता येत नाही, मॅडम."

"मग पुन्हा करावं लागेल. दोन वेगळी गावं. वर्ष जाईल."

"चालेल," हर्षाली म्हणाली. इतक्या झटकन कशी म्हणाली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. अमोलनं मान खाली घातली.

या खेपेला तिनं सिन्नरच्या बाजूची दोन गावं काढली, मध्ये डोंगर. पहिल्याच गावात गोटीराम म्हणून जाणते गृहस्थ ओसरीवर बसले होते. आधीची ठेच ताजी, म्हणून हिनं बसल्या बसल्या तेच विचारलं, "काका, इथल्या मुली डोंगरापलीकडच्या गावात दिल्यात का?"

गोटीरामांनी तिला नीट न्याहाळलं. "आडनाव काय तुमचं?"

"आहेर."

"गाव?"

"नांदगाव."

"बरं. मुलगा काय करतो?"

"कोणाचा मुलगा?"

"लाजू नका हो," म्हणत गोटीरामांनी आत आवाज दिला, "अहो, चहा टाका! स्थळाची चौकशी आलीय." लगोलग दोघी-तिघी पदर सावरत दारात आल्या, आणि पिशवीतून बीपीचा पट्टा आता काढावा की चहा झाल्यावर, हे हर्षालीला काही केल्या ठरवता येईना.