बाटलीतला समुद्र

भिंगारला समुद्राचं संग्रहालय होतं, असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. पण होतं, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. माझे सासरे बोटीवर खलाशी होते. निवृत्त होऊन घरी आले ते एक होकायंत्र, पितळी घंटा, नाना तऱ्हेच्या गाठी मारलेले दोर आणि शेवटच्या सफरीत भरून घेतलेली समुद्राच्या पाण्याची बाटली घेऊन. नारळी पौर्णिमेला ते खोली उघडायचे आणि सगळी आळी लोटायची. लोक चपला बाहेर काढून आत येत, घंटा वाजवत आणि हात जोडत. "आरं, हे देऊळ न्हाई!" मामंजी दरवर्षी ओरडायचे. ऐकतंय कोण! मग प्रत्येकाच्या तळहातावर बाटलीतला एक थेंब पडायचा. समुद्र कधी न पाहिलेली माणसं तो चाखून तोंड वेडंवाकडं करत आणि नारळीभात खाऊन घरी जात. मला तेव्हा हा सगळा प्रकार हास्यास्पदच वाटायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात माझी आई श्रीगोंद्याहून राहायला आली. माहेरी तेव्हा भांडी विसळलेलं पाणीसुद्धा कुणी फेकत नव्हतं. शिळं पाणी प्यायचं नाही, पण ते जायचं तुळशीलाच. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते, तर मामंजींची बाटली रिकामी करून पालथी घातलेली.

"कवाचं शिळं पानी हुतं गं. तुळशीला घातलं," आई म्हणाली.

मी तिला काही बोलले नाही. व्याह्यांच्या घरी आपण काय करून बसलो हे कळलं असतं, तर ती पुन्हा आमचा उंबरा चढली नसती. मामंजी बाजारातून यायच्या आत मी बाटलीत टँकरचं पाणी भरलं, त्यात जाडं मीठ विरघळवलं आणि बाटली जागच्या जागी ठेवली. आठवड्याभरात कुंडीतली तुळस वाळून गेली. उन्हानं वाळली, असं सगळेच म्हणाले.

पौर्णिमेला आई पुन्हा आली. मामंजींनी पहिला मान तिलाच दिला.

"विहीणबाई, हात पुढं करा."

आईनं थेंब चाखला. "लई खारट हाय वो! असला असतो व्हय समुद्र?"

मामंजींनी स्वतःच्या जिभेलाही एक थेंब लावला.

"असलाच असतो," ते म्हणाले.

माणसं पांगल्यावर मी त्यांना भात घेऊन गेले. ते घंटा पुसत बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुळस वाळली तवा कुंडीतली माती चाखून बघितली हुती मी."

मला एकदम रडू फुटलं.

"रडू नगं. तुज्या आईला यातलं काई कळू द्यायचं न्हाई. आन् खरा समुद्र याहून खारट असतो, पुढच्या वर्षी मीठ मूठभर जास्त घाल."

ते होते तोवर दरवर्षी मी तेवढं घालत गेले.