दारुहळदीची पांढरी बाजू

"तिला नावं पाठ हायेत गं, झाड दिसत नाय."

कुमाऊँच्या उतारावर, काटेरी झुडपापलीकडे बसून कावेरी हे माझ्याबद्दल दुसऱ्या मुलीला सांगत होती. मी अलीकडे होते, हातात दारुहळदीची फांदी घेऊन. दोघी हसल्या. मी काही ऐकलंच नाही असं दाखवून पुढे चालत राहिले.

यापुढचं परवापर्यंत मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. तुला सांगतेय — पण मला समजून वगैरे घेऊ नकोस. त्याचा मला राग येतो.

आम्ही दोघी संभाजीनगरला बॉटनीत एमएस्सी करत होतो, कुमाऊँला अभ्यास सहलीसाठी गेलो होतो. मी इंग्लिश मीडियमची, कोपरा धरून बसणारी. कावेरी सोयगावची, वर्गात तिच्याआधी तिचा आवाज पोचायचा. मी तोंड उघडलं की म्हणायची, "मॅडम, आमाला बी समजंल असं बोला की." सगळे हसायचे. मीही हसायचे — अशा वेळी दुसरं काय करतात? ती मला आवडत नव्हती. अजूनही आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

पण तिला झाड दिसायचं, हे खरं होतं. दारुहळदीच्या जाती सगळ्या सारख्याच वाटतात — तेच काटे, तीच पिवळी फुलं, आतलं लाकूडही तसंच पिवळंजर्द. पानांचे आकार तर एकाच झुडपावर नाना तऱ्हेचे. मी पुस्तक उघडून एकेक लक्षण ताडून बघत बसायचे. ती पान उलटं करून मोकळी व्हायची. आम्ही हिंडलो त्या भागात तेवढं पुरायचं. खालची बाजू चुना फासल्यासारखी पांढरी असली की एशियाटिका, हिरवी असली की अरिस्टाटा.

परत आल्यावर नमुने वाळवून कागदांवर चिकटवले. सरांच्या दारुहळदीच्या प्रकल्पात एकच जागा होती आणि नमुने बघून ते ती देणार होते. कावेरीला ती किती हवी होती, हे अख्ख्या विभागाला माहीत होतं. मिळाली तर घरचे तिला शहरात राहू देणार होते, नाहीतर परत सोयगाव. आणि मला? मला जागा नकोच होती. ती तिला मिळू नये, एवढंच हवं होतं.

पानाखालचा तो पांढरा थर मेणासारखा असतो. स्पिरिटनं जातो. हे मी वाचलेलं होतं — नावं पाठ असणाऱ्या मुलीला असल्या गोष्टीही पाठ असतात.

दुपारी सगळे चहाला गेले. तिच्या एशियाटिकाची पानं तिनं मुद्दाम उलटी चिकटवली होती, पांढरी बाजू दिसावी म्हणून. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून घेतला. हात थरथरत होते असं लिहिलं तर बरं दिसेल. नव्हते थरथरत. शिरांच्या कडेकडेनं, पान तुटू न देता, नीट पुसलं. इतक्या जपून मी माझा एकही नमुना हाताळला नव्हता.

सरांनी कागद उचलला. "पान हिरवं, आणि नाव एशियाटिका?" कावेरी म्हणाली, तिथं पांढरं होतं. मग काय येताना गाडीत रंग उडाला, असं सरांनी विचारलं आणि वर्ग हसला. मी हसले का? हो. कावेरी कितीतरी वेळ त्या कागदावर वाकून बघत राहिली. तिनं कुणाकडं संशयानं पाहिलं नाही. स्वतःचे डोळे चोळले.

जागा मला मिळाली. तिला 'एशियाटिका' हे नाव पडलं. ते मी पाडलं नाही, वापरलं मात्र. आता मी तिथंच शिकवते. दर वर्षी नव्या मुलांना तोच कागद दाखवते — घाईनं ओळख पटवली की अशी चूक होते, असं सांगते. बोळा मी एकदाच फिरवला होता, हे मात्र दर वर्षी. याला काय म्हणशील?

परवा कावेरी आली, कसल्याशा दाखल्यावर सरांची सही घ्यायला. सोयगावात दहावीचे क्लास घेते. नेमका तो कागद टेबलावर, भोवती मुलं. सर म्हणाले, या, एशियाटिका मॅडम. मला वाटलं, ती काहीतरी तोडून बोलेल. मला तेच हवं होतं. पण ती मुलांकडं वळली.

"माझीच चूक व्हती ती. पांढरं दिसलं व्हतं मला, पण नसंल. तवापासून म्या माझ्या डोळ्यांचा भरवसाच सोडला. पुस्तकात असंल तेवढंच शिकवते."

मुलं हसली. तीही हसली.

आणि मला तिचा इतका राग आला — त्या मऊ आवाजाचा, त्या हसण्याचा. मी कागद टेबलावरून उचलून तिच्यासमोर धरला.

"तू चुकली नव्हतीस, कावेरी. पानं मी पुसली होती."