वहिनीच्या व्हिडिओखालची इंग्रजी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. मोताळ्याहून मलकापूरला एसटीनं येऊन-जाऊन बी.ए. केलं, आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू. फवारणीच्या डब्यावर, बियाण्याच्या पाकिटावर, कुठंही इंग्रजी दिसली की घर माझ्याकडं बघायचं.

त्या वर्षी बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी घुसली. अर्धी बोंडं उमललीच नाहीत. वेचायला बाया लावण्यात अर्थ नव्हता, घरचेच वेचत होतो. वहिनीला इंडोनेशियातल्या गाण्यांचं वेड. दांगडुत म्हणतात त्यांना. तबल्यासारखा ठेका, बासरी, ऐकायला जुन्या हिंदी गाण्यांची सख्खी बहीण. तसल्या एका गाण्यावर ती कमरेला कापसाची ओटी बांधून दोन ओळींमधल्या तासात नाचली आणि मी व्हिडिओ काढून तिच्याच फोनवरून टाकला. मागं बाबा बोंडं फोडून चिडून फेकत होते, ते आम्हाला दिसलंच नाही.

दोन दिवसांत त्याखाली इंडोनेशियातून ढीगभर कमेंटा आल्या. कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं, तुमच्या सुनेला परके लोक काहीबाही लिहितात. दुपारी बाबांनी वहिनीचा फोन मागून घेतला आणि माझ्यापुढं धरला. वाईट निघालं तर फोन कपाटात जाणार, हे आधीच सांगून टाकलं. दादा पुण्यात कंपनीत. वहिनीला त्याच्याशी बोलायला तेवढाच फोन.

अक्षरं इंग्रजी, पण शब्द एकही ओळखीचा नाही. छान म्हणतात, असं मी ठोकून दिलं.

"एवढं लंबं लिवलं, अन् नुस्तं छान?"

वहिनी माझ्याकडं बघत होती.

"बाबा, मले नाही समजत हे. इंग्रजी नाही ही."

"मंग तीन साल मलकापूरले काय शिकली व?"

लागलं ते. मग फोनवरच हिंदी तर्जुमा करून घेतला आणि आलं तसं वाचलं, गाळलं काही नाही. बरेच जण बाबांनाच हसले होते, म्हातारा सुनेच्या नाचण्यावर चिडला म्हणून. एका बाईनं मात्र त्या हसणाऱ्यांना उलट लिहिलं होतं: तो नाचावर चिडलेला नाही. आमच्या मिरचीला कीड लागली तेव्हा माझे वडीलही असेच फेकायचे.

बाबांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग ती बाई कोणत्या गावची, ते विचारलं. समुद्रापलीकडची, एवढंच मला सांगता आलं.

"लिव तिले, कपाशीले अळी पडली म्हना. अन् मिरचीवर काय फवारलं थे इचार."

मी लिहिलं. फोन त्यांनी वहिनीच्या हातात दिला.

"जवाब आला का सांगजो, माय."