बेडकीच्या बॉनेटवरच्या खाचा

सूर्यभान मिस्त्रीला त्या दिवशी अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं. उजवा गुडघा सुजून भोपळा झालेला. तरी त्यानं पान्यांची पिशवी खांद्याला लावली, तशी कुसुमबाई चुलीपासूनच म्हणाली, "चाळीस वर्षं गाड्यांखाली लोळलाव, अजून हाऊस फिटली न्हाई का?"

"बन्सीधरशेठनं बोलावलंय. पुण्याचा माणूस यायलाय बेडकी बघायला. चालू करून द्यायची."

"ती बेडकी अन् तुमी. दोघंबी आता ढकलल्याबिगर हलत न्हाईत."

सूर्यभान हसला नाही. हसायलाही ताकद लागते. चप्पल ओढत तो जिनिंगच्या रस्त्याला लागला.

मानवतच्या त्या जिनिंगमध्ये त्याच्या बापानं उभा जन्म कापसाचे बोजे वाहिले. बापाला तिथं कुणी नावानं हाक मारली नाही. 'ए' म्हटलं की बाप पळायचा. ते बघून सूर्यभान सोळाव्या वर्षी परभणीला गेला, लतीफ उस्तादच्या गॅरेजात. उस्ताद पान्यानं बोटांवर मारून शिकवायचे, पण जेवताना ताटातलं अर्धं काढून द्यायचे. सहा वर्षांनी सूर्यभान परत आला, जिनिंगच्या फाटकासमोर पत्र्याचं गॅरेज टाकलं, आणि दोन सालांत जिनिंगचे जुने मालक दिनकररावशेठसुद्धा त्याला 'सूर्यभान मिस्त्री' म्हणायला लागले. घर पत्र्याचंच राहिलं, पण हा 'मिस्त्री' त्यानं कमावला.

बेडकी म्हणजे दिनकररावांची शौकाची गाडी. हैदराबादेतल्या एका नवाबी घराण्याकडून घेतलेली, दोन माणसांची, बिनछताची, हिरवी इंग्लिश गाडी. तिच्या कंपनीचं नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही, आणि ती दिसायचीही पावसाळ्यातल्या बेडकीसारखी, बुड टेकून उडीच्या तयारीत. दिनकरराव गेले, गाडी दहा वर्षं शेडमध्ये पडून राहिली. आता मुलगा बन्सीधर ती विकून टाकायच्या मागं होता.

सूर्यभान पोचला तेव्हा पुण्याचे आठल्ये आधीच आलेले. जुन्या गाड्या पारखण्याचं काम करणारा बारीक अंगाचा माणूस, गळ्यात चष्मा, हातात भिंग. बाहेर गाडी न्यायला ट्रकही उभा. आठल्ये बॉनेटवरून हात फिरवत बन्सीधरला समजावून सांगत होते.

"या गाडीचे दोन प्रकार निघाले, शेठ. एक साधी आणि एक शर्यतीसाठी केलेली खास. खास थोड्याच काढल्या. तिच्या बॉनेटवर दोन ओळींत बारा खाचा असतात, इंजिनाची गरम हवा बाहेर पडायला. मोठे दोन कार्बोरेटर असतात. तुमच्या गाडीला खाचा नाहीत, आणि कार्बोरेटर तर एकच, तोही जीपचा."

"दादा तर म्हणायचे खास हाय." बन्सीधर बापाला दादाच म्हणायचा.

"सगळेच म्हणतात. लोक साध्या गाडीला छिन्नीनं खाचा पाडून खास म्हणून विकतात. म्हणून मी खाचेची कड बघतो. कंपनीनं दाबून काढलेली कड एका गोलाईत येते, हातानं केलेली वाकडी. इथं तर बघायला खाचच नाही."

"मग आता?"

"साधी म्हणून लिहितो. आमच्या मालकांकडं दुसरी एक आहे, हिचे भाग काढून तिला लावतील. सांगाडा भंगारात जाईल."

सूर्यभाननं पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. गुडघा ठणकत होता म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्या खाचा त्यानंच बुजवल्या होत्या. जिनिंगच्या दिवसांत या गावात हवेतून कापसाचं तूस उडतं, अंगावर, भाकरीवर, पापण्यांवर बसतं. बेडकी फाटकातून निघाली की बॉनेटच्या खाचांतून तूस आत जायचं, रेडिएटरवर गादी धरायचं, आणि गाडी स्टेशनपर्यंत जाईतो तापून उभी. दोनदा तर तुसानं पेटही घेतला. मग एका दिवाळीत शेठ तिरुपतीला गेलेले असताना सूर्यभाननं कुणाला न विचारता बारा खाचांचे ओठ हातोडीनं चपटे केले, वेल्डिंग मारलं, वर लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुटी, भरली, घासली, रंग दिला. खालून डांबर फासलं. मोठे कार्बोरेटरही तुसानं चोंदायचे, ते काढून जीपचा एक बसवला. शेठ परत आले, गाडी न तापता पाथरीपर्यंत जाऊन आली, आणि त्यांनी पाठीवर थाप मारली. सूर्यभानला वाटलेलं, आपण इंग्रजाची चूक सुधारली.

काम इतकं साफ झालेलं की आज पुण्याच्या भिंगालाही ते सापडलं नव्हतं.

गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बेडकीचे भाग होतील, आणि त्याचा 'मिस्त्री' शाबूत राहील. तो उठला.

"सायब, लोहचुंबक हाय का?"

"आहे की."

"बॉनेटच्या मधोमध लावून बघा."

आठल्येंनी चुंबक लावलं. ते चिकटेना, घसरून खाली आलं. दोन बोटं बाजूला लावलं तर खट्‌कन बसलं. त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "लांबी आहे इथं. बरीच जाड आहे."

सूर्यभाननं पिशवीतून खरवडायची पत्री काढली आणि हातभर जागा खरवडली. आधी हिरवा रंग गेला, मग पांढरी लांबी भुगा होऊन पडली. खाली वेल्डिंगची रेघ निघाली, आणि तिच्या दोन्ही टोकांना कंपनीची गोल कड, जशीच्या तशी. आठल्ये भिंग घेऊन वाकले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"खास आहे," ते शेवटी म्हणाले. "खरोखरची आहे. पण हे कुणा अडाण्यानं केलं? चांगल्या गाडीचं वाटोळं केलं की."

बन्सीधर म्हणाला, "लतीफ उस्तादच्या हातचं असंल. पहिल्यांदा गाडी परभणीला त्यांच्याकडंच असायची. काय हो मिस्त्री?"

उस्ताद जाऊन वीस वर्षं झालेली. मान हलवायची तेवढी बाकी होती.

"न्हाई," सूर्यभान म्हणाला. "उस्तादनी हिचा नटबी वाकडा पिळला न्हाई. मी केलंय. तूस आत जायलतं म्हणून. कार्बोरेटरबी मीच काढले, गॅरेजात पोत्यात बांधून हायती."

"दादांनी सांगितलं हुतं?"

"दादा तिरुपतीला हुते. माज्याच डोक्यानं केलं."

आठल्येंनी वही उघडली. "कुणी बदल केला ते लिहावं लागतं. पूर्ण नाव सांगा." त्यानं सांगितलं. ते लिहीत असताना बन्सीधर खरवडलेल्या जागेवर नखानं टोकत उभा होता.

"आता हिचे भाग काढणार नाहीत, अख्खीच ठेवतील. पण या खाचा परत उघडाव्या लागतील," आठल्ये म्हणाले. "यांच्याकडून करून घ्यायच्या का?"

"नगं," बन्सीधर म्हणाला. "तुमचा माणूस बघा पुण्याचा. सूर्यभानचा हात लागला तेवढा बास झाला."

नुसतं सूर्यभान. त्यानं ते ऐकलं, पत्री पुसली, पिशवीत टाकली. खरं म्हणजे थोडं बरंही वाटलं. बारा खाचा उघडायच्या म्हणजे आठ दिवसांचं काम, आणि त्याच्या गुडघ्यांत तेवढे दिवस उरले नव्हते. घरी जावं, भाकरी खावी, पडावं.

पण तो फाटकापाशी थांबला. हमालांनी बेडकी ढकलत फळ्यांवरून ट्रकात चढवली आणि तिच्या अंगावरून दोर टाकायला घेतला.

"बॉनेटवरून न्हाई, चाकांतून घ्या," तो तिथूनच म्हणाला. "तिथला पत्रा आता उघडा हाय."

हमालांनी बन्सीधरकडं बघितलं. बन्सीधरनं उघड्या पत्र्याकडं बघितलं. मग त्यांनी दोर काढला आणि चाकांतून ओवून घेतला.