हात लावू नको, त्याला येऊ दे

आईच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उजवीकडं खाली एक लाल चौकट उगवते. तपासणी बरेच दिवस झालेली नाही, आत्ता करायची की नंतर, असं ती विचारते. अँटिव्हायरसचं नेहमीचं टुमणं. ते घरोघरी येतं, माणसं ‘नंतर’वर टिचकी मारतात आणि विसरून जातात. आमच्या घरात ते आलं की आई केस विंचरते.

खरंच विंचरते. आरशासमोर उभी राहून भांग नीट करते, कपाळावरची विभूती पुसट झाली असेल तर नव्यानं लावते, डोक्यावर पदर घेते आणि मग पुण्याला माझ्या धाकट्या भावाला फोन लावते. साधा फोन. त्यात कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही, हे तिला मी सांगून झालंय.

कॉम्प्युटर त्याचाच. स्वतःला नवा लॅपटॉप घेतल्यावर त्यानं हा जुना इकडं पाथरीला पाठवून दिला, आईला भजनं ऐकायला आणि नातवंडांचे फोटो बघायला. आई माझ्याकडं राहते. वडील गेल्यावर राणीसावरगावच्या घराला कुलूप लावून ती आधी पुण्यालाच गेली होती, पण तिथं तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव रमेना. मग लेकीकडं आली. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे तिला अजून अवघडल्यासारखं होतं. आल्यागेल्याला ती “चार दिस आले हाय” असंच सांगते, आणि मी चहा ठेवायला आत जाते.

मी शाळेत शिकवते. शाळेतल्या कॉम्प्युटरचं दुखलंखुपलं माझ्याकडंच असतं. शेजारच्या गावचे गुरुजीसुद्धा प्रिंटर अडला की मला फोन करतात. आणि घरात मला ती लाल चौकट दाबायची परवानगी नाही.

“आई, एका टिचकीचं काम हाय. सरक जरा.”

“तुला न्हाई जमायचं. हात लावू नको, त्याला येऊ दे.”

त्याला येऊ दे म्हणजे पुण्याहून पाथरीला नव्हे. तो तिथं बसूनच हा कॉम्प्युटर चालवतो. त्यासाठी पडद्यावर एक आकडा येतो, तो त्याला फोनवर सांगावा लागतो. एरवी मी काही वाचायला दिलं की जिला चष्मा सापडत नाही, ती हा आकडा घोळवून घोळवून वाचते. “नऊ... थांब हं लेकरा... नऊच हाय... अन् मग सात.” आकडा संपला की जेवलास का, पोरं शाळेत गेली का, बरं मग कर बाबा तुझं काम. तेवढ्यात पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागतो. “आला बघ,” आई म्हणते, आणि तिचा चेहरा असा काही फुलतो की मला तिथून उठावंच लागतं.

मला जळायला होतं. भावावर जळणं शोभत नाही, त्यातून मी थोरली, पण होतं. दवाखान्यात नंबर लावायला मी, गुडघ्यांना तेल चोळायला मी, गोळ्या संपल्या की पळायला मी. त्याबद्दल मला काय मिळतं? तेल थंड हाय. गोळी कडू हाय. भाजीत मीठ घालायला विसरलीस, डोकं कुठं असतंय तुझं. आणि हा गडी तिकडं बसून बाण हलवतो, तर त्याला लेकरा.

बरं, तपासणी सुरू करून देऊन तो आपल्या कामाला निघून जातो. बाण एका जागी थिजलेला, हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकतेय, आणि आई खुर्चीत ताठ बसून बघतेय. “आई, तो कवाच गेला. आता मशीन आपलं आपण करायलंय,” मी एकदा म्हटलं. तिनं मान न वळवता सांगितलं, “तुला काय कळतंय. तो करायलाय.” एकदा मला सणकून ताप भरला होता. मी आतल्या खोलीत पडलेली आणि ही तपासणी चालू. आई दारातून डोकावली, “काढा ठेवलाय, पी अन् झोप,” म्हणाली आणि कॉम्प्युटरजवळ जाऊन बसली. मी पांघरुणात पडून हिशेब करत होते की या घरात आजारी नेमकं कोण आहे. दसऱ्यालासुद्धा माझ्या गाडीच्या आधी त्या कॉम्प्युटरला विभूती लागली.

परवाच्या रविवारी मात्र कडेलोट झाला. सकाळी चौकट उगवली. आईनं केस विंचरले, फोन लावला. त्यानं उचलला नाही. थोड्या वेळानं परत लावला, परत तेच. ती फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. चौकट जायची, पुन्हा यायची, आणि ती आली की आई फोनकडं बघायची. दुपार झाली तरी ती जेवायला उठेना. मला तिची कीव आली आणि त्याचा राग आला, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, “दे, मी करते,” आणि माऊसवर हात ठेवला.

तिनं फटकन माझ्या हातावर मारलं. “सांगितलं ना हात लावू नको म्हणून! त्याची वस्तू हाय ती.”

पन्नाशीला टेकलेली बाई मी. वर्गातली पोरं मला बघून चिडीचूप होतात. वाळत घातलेले कपडे काढायचं निमित्त करून मी गच्चीवर गेले आणि भावाला फोन लावला. माझा त्यानं उचलला. मग तर माझा भडकाच उडाला.

“तिचा फोन का उचलत न्हाईस रे?”

“आक्का, आताच मोकळा झालो. तिलाच लावत होतो.”

“ते सोड. ती तपासणी आपोआप होते, मला म्हाईत हाय. शाळेत मी सगळ्या मशीनला तसंच करून ठेवलंय. एवढा मोठा इंजिनिअर तू, तुला एवढं जमत न्हाई? तिच्या मागची कटकट तरी जाईल.”

फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

“आपोआपच होती,” तो म्हणाला. “मीच बंद केली. आठवण करून देणारी ती लाल चौकट तेवढी चालू ठेवली.”

“कामून?”

“ती कामाशिवाय फोन करत न्हाई, आक्का. मी केला तर मी मजेत हाय, तू तुझं काम कर, म्हणती अन् ठेवून देती. पाहुण्याशी बोलावं तसं बोलती. काही दुखायलंय का विचारलं तरी न्हाई म्हणती. गुडघे दुखतेत ते मला तुझ्याकडूनच कळलं.” मग त्यानं विचारलं, “तुझ्याशी काय काय बोलती गं ती दिवसभर?”

“बोलती कुठं? वसकन अंगावर येती.”

“माझ्या अंगावर कधीच येत न्हाई,” तो म्हणाला.

त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही असेल. पण आधी जे आलं ते वेगळंच होतं. आईला बोलती करायला यानं एक युक्ती शोधून काढली, ती इतकी वर्षं चालवली आणि मला, तिच्यासोबत एका घरात राहून, पत्ता नाही. मी त्यावरही जळले.

तेवढ्यात जिन्याखालून आई कडाडली. “अगं ए भवाने! कपडे काढायला गेलीस का वरच ऱ्हायलीस? भाकर गार व्हायलीय इथं! तू आल्याबिगर मी जेवणार हाय का?”

एवढा मोठा आवाज. पुण्यापर्यंत गेला.

“आईच हाय का?” भावाचा आवाज एकदम बदलला. “आक्का, ठेवू नको. फोन जरा जिन्याकडं धर. ऐकू दे मला.”

फोन जिन्याकडं धरायला फक्त हात लांब करायचा होता. मी फोन बंद केला.

दोरीवरचे कपडे काढायला लागले. एकेक नीट घडी घालून खांद्यावर टाकत होते, ते काही घाईचं काम नव्हतं. आईनं खालून पुन्हा हाक मारली, या खेपेला माझ्या सासरच्यांचाही उद्धार झाला. मी ओ दिली नाही. आणखी एकदा ओरडू दे म्हटलं.