आधी आठवण, मग किल्ली

सुजाताताईंकडे स्कूटरची किल्ली मागितली की त्या ती मुठीत धरून म्हणायच्या, “आधी बसा. आज डोक्यात काय आहे ते सांगा.” बसायचं ते फूटपाथवर.

कोथरूडमध्ये त्या बायकांना स्कूटर शिकवायच्या. मी शिकायला गेले तेव्हा हे जाऊन सहा महिने झाले होते आणि यांची स्कूटर पार्किंगमध्ये धूळ खात होती. “तू शिकलीस तर ठेवू, नाहीतर विकून टाकू,” असं मुलाने सांगितलं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. पण ती स्कूटर गेली असती तर हे मला दुसऱ्यांदा सोडून गेल्यासारखं झालं असतं.

पहिल्याच दिवशी यांच्या स्कूटरवर शिकत होते, वळताना आरशात पाहिलं आणि आठवलं, निघण्यापूर्वी हे याच आरशात बघून भांग पाडायचे. झालं! ब्रेक, रस्ता, मागे बसून ओरडणाऱ्या ताई, सगळं डोक्यातून पुसलं गेलं आणि मी थेट शहाळ्यांच्या गाडीवर जाऊन आदळले.

“शहाळं प्यायचं होतं तर थांबून मागायचं,” ताई म्हणाल्या. मग रस्ताभर पसरलेली शहाळी आम्ही दोघींनी गोळा करून दिली आणि त्यांनी किल्ली काढून घेतली.

“डोक्यात जागा ती केवढी! त्यात तुमचे मिस्टर येऊन बसले तर ब्रेकने कुठे राहायचं? आणि ते हाकलून जायचे नाहीत. मला सांगा त्यांच्याबद्दल, मग किल्ली देते.”

मी रडत सांगितलं. ताईंनी समजूतबिमजूत काही घातली नाही. “कंगवा कुठल्या खिशात ठेवायचे?” एवढंच विचारलं. मला ही बाई तिथेच आवडून गेली. नंतर मी स्कूटर बरी चालवली. पुढे रोज तसंच चाललं. त्या स्वतःचं मात्र काही सांगत नसत. विचारलं की म्हणायच्या, “माझं काय, मी मागे बसते.”

लायसन्स मिळालं तेव्हा मी यांच्या स्कूटरवरून पेढे घेऊन गेले. ताई त्यांच्या स्कूटरवर बसून निघतच होत्या. साइड स्टँड खालीच होता! यावरून त्या आम्हाला रोज फैलावर घ्यायच्या.

“ताई, स्टँड!”

त्या थांबल्या. “दिसलाच नाही हो. गेल्या आठवड्यात आई गेली. आजपासून कामावर आलेय.”

पेढ्यांचा पुडा मी डिकीत टाकला आणि हात पुढे केला. “किल्ली द्या. आधी बसा.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, किल्ली दिली आणि फूटपाथवर बसल्या.

“आईला मागे बसवून एकदाच फिरवलं मी,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या बायकांना रोज शिकवते, आणि आईला एकदाच.” मग ओंजळीत तोंड घालून रडल्या. मीही समजूत घातली नाही. “कुठे नेलं होतं?” असं विचारलं.

त्या दिवशी ताईंना यांच्या स्कूटरवर मागे बसवून हडपसरला त्यांच्या घरी मीच सोडलं. वाटभर त्या आईबद्दल बोलत होत्या, आणि एवढ्या गर्दीत माझ्या डोक्यात फक्त रस्ता होता.