नातसुनेसाठी आणलेला पंप

“मले नाही जमत, आजी. ठेवा तो पंप. माह्या अंगात दूधच नाही.”

असं म्हणून प्रणालीनं पंप पलंगावर टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. बाळंत होऊन तिसरा दिवस होता. पलीकडच्या खोलीत काचेच्या पेटीत तिची पोरगी — दोन महिने आधी आलेली, सव्वा किलोची. सिस्टर नुकतीच सांगून गेली होती, “पावडरचं दूध पचत नाही, पोट फुगून राहिलं. आईचं चमचाभर जरी भेटलं तरी नळीनं देऊ. पण आजच पाहिजे, अम्मा.”

प्रणाली माझी नातसून. तिला आई नाही. माझी सून सौसरला घरी गुरांपाशी, नातू बोरगावला कंपनीत ड्युटीवर. म्हणून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात तिच्याजवळ मी होते. वय बहात्तर, शिक्षण चौथी.

तुमच्या या पानावर लोक लिहितात — कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाला हाक ऐकू आली. मी ते वाचून हसते. आमच्या शेताजवळच्या ज्या मोहाच्या झाडाखाली चुडैल आहे म्हणतात, तिथलंच गवत मी वर्षानुवर्षं कापलं. चांगलं गवत होतं, कारण दुसरं कोणी जात नव्हतं. तेव्हा मी काय सांगते ते त्या हिशोबानं वाचा.

आता पंपाचं. पहिल्या दिवशी मीच जाऊन आणला होता. मेडिकलवाल्यानं तीन दाखवले. एक रबरी फुग्याचा, एक मूठ दाबायचा, एक चार्जिंगवाला. मी फुग्याचा उचलला. दिसायला साधा, त्यात बिघडायला काही नाही. सिस्टरनं पाहिला आणि म्हणाली, “हा नाही चालत, अम्मा. दूध फुग्यात जाते, तो आतून धुता येत नाही. एवढ्याशा लेकराले जंतू नाही पायजे.”

परत गेले. मेडिकलवाला म्हणाला, “चार्जिंगवाला घेऊन जा ना, अम्मा. आपोआप चालते. साइज कोन्ती देऊ?”

“कायची साइज?”

“ते… वरच्या वाटीची.”

“मंग खाली पाहून काहून बोलतं? नीट सांग ना, बापा.”

बिचारा लाल झाला. दोन मापं काढून दिली, म्हणाला नको ती परत आणा. पण चार्जिंगवाला मी घेतला नाही. चालू करून पाहिला तर घूं घूं करत एकसारखा ओढत होता. मी पन्नास वर्षं गाईंच्या धारा काढल्या. गाय पान्हा सोडते तेव्हा हात जड करायचा, चोरते तेव्हा हलका करायचा. मशीनला हे काय कळणार? मी मुठीचा घेतला. सिस्टर म्हणाली, “चालते, पण दर तीन तासांनी दाबून हात दुखेल तिचा.” ती बरोबर होती, हे मला नंतर समजलं. पण तेव्हा प्रणालीचा हात नाही, मनच बंद झालं होतं. दोन दिवस ती पंप लावत होती, बाटली कोरडी.

ती भिंतीकडे तोंड करून पडली तेव्हा मी सिस्टरकडे गेले. म्हटलं, “त्या लेकराच्या डोक्यातली टोपी दे. दुसरी घाल तिले.”

“काहून?”

“गाईपुढं वासरू नसलं तर ती पान्हा सोडत नाही. वासरू मेलं तर आमी त्याचं कातडं भुसा भरून पुढं ठेवतो. ती चाटते आन् दूध देते. इथं तर लेकरू जितं आहे.”

मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, “आम्ही बी हेच सांगतो, अम्मा. बाळाचं कापड जवळ ठेवा म्हणून.” आणि टोपी आणून दिली. संत्र्याएवढी. कोमट होती.

मी ती प्रणालीच्या हातात दिली. तिनं नाकाला लावली आणि हुंदके देऊन रडायला लागली. टोपी माझ्या मांडीवर टाकली.

“दुखते वं, आजी. तो पंप चावल्यासारखा करते. तुमाले काय समजते?”

“मले नाही समजत? चार लेकरं प्यायली माही. इकडं पाय. लावून दाखवते तुले.”

मी पडदा ओढला, चोळीच्या गाठी सोडल्या आणि पंपाची वाटी आपल्याच वाळलेल्या छातीला लावली. टोपी मांडीवरच होती. मूठ दाबली. एक, दोन, तीन… “पाय, चावते का? काही नाही चावत. हलक्या हातानं…”

मग काखेपासून मुंग्या आल्या. ती ओढ बाईला माहीत असते. शेवटच्या पोरानं दूध सोडून माझी चाळीसच्या वर वर्षं झाली, पण मी ती ओळखली. खाली पाहिलं तर बाटलीच्या तळाशी पिवळसर थेंब जमत होते. चीक. पहिल्या दिवसांचा असतो तसा. थांबला तेव्हा अर्धा चमचा असेल.

मग प्रणाली म्हणाली, “आजी… हे तुमचं होय?”

“मंग काय तुहं होय?”

ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसणं. हसता हसता तिनं खाली पाहिलं — तिचं पोलकं ओलं झालं होतं, दोन्हीकडं. “आजी, माहं बी… आजी, वाटी आना ना!”

मी सिस्टरला हाक मारली. तिनं उकळलेली वाटी आणली आणि हातानंच काढलं. दोन चमचे भरलं. सिस्टर पळतच गेली. परत आल्यावर तिनं माझ्या हातातली बाटली पाहिली.

“हे कोनाचं?”

“माहं.”

“मजाक नका करू, अम्मा.”

मी विचारलं, हेही लेकराला देता येईल का? ती नाही म्हणाली. नियम आहे. बरोबरच आहे.

माझा पहिला पोरगा रामाकोन्याला माहेरी झाला आणि नऊ दिवसांत गेला. तो गेल्यावर माझं दूध थांबेना. आमच्याकडं अंगावरचं दूध पायाखाली येऊ देत नाहीत. आई सांगायची म्हणून मी ते पिळून रोज घरामागच्या कडुनिंबाच्या बुडाशी नेऊन घालत होते. म्हणून आता दवाखान्याच्या आवारातही झाड शोधलं. त्याच्या बुडाशी तो अर्धा चमचा घातला. थोडा वेळ तिथंच बसले. मग पंप धुवायला गेले.

पुन्हा आलं नाही. घरी आल्यावर, पंपाचं काम संपल्यावर, मी एकदा गुपचूप लावून पाहिला. काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, एखाद्या वेळी अंगातल्या गाठीनं असं होतं, तपासून घ्या. तपासलं. गाठ नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, “मग मलाही सांगता येत नाही.” शेजारीण म्हणते, गेलेलं लेकरू परत आलं. मला पटत नाही. तो पोरगा होता, ही पोरगी आहे. आणि त्याला यायचंच होतं तर त्याच्यानंतरच्या चार लेकरांपैकी कोणी बनून आला असता, एवढी वर्षं कायला थांबेल?

तुमच्यापैकी कोणाला कारण माहीत असेल तर लिहा. मला माहीत नाही.

प्रणाली दर तीन तासांनी मूठ दाबत राहिली, पहाटेसुद्धा. तिचा हात थकला की मी दाबत होते. एकतीस दिवस पोरगी त्या पेटीत होती. जगली.